या टोकापासून त्या टोकाला

सकाळी बर्फावर लाल थेंब दिसले,
बंपरच्या बरोबर खाली.
शेजारच्या ऑर्विलला वाटलं, कुणीतरी हरिण ओढत नेलं.
मी बोट बुडवलं, वास घेतला.
रक्त नव्हे. स्टिअरिंगचं तेल.

मार्क्वेटमध्ये गाड्या म्हाताऱ्या होत नाहीत, खारवतात.
नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर मीठ,
आणि त्या मिठाला जागणारं इथं काहीच नाही,
ना बोल्ट, ना ब्रॅकेट, ना नळी.

कुलर म्हणजे तरी काय, एक नळीच.
रेडिएटरच्या पुढ्यात वाऱ्याला तोंड देऊन बसलेली,
जाते, वळते, परत येते.
तापून आलेल्याला थोडं हिंडवून आणायचं, एवढंच तिचं काम.
आई असंच करायची.
बाबा बोटीवरून उतरले की
आधी धक्क्याच्या टोकापर्यंत दोघं चालत जायची,
मग घर.

बाबा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसलेत,
उजव्या हातात कॉफी.
डावा हात ऑगस्टपासून पाहुणा आहे,
मांडीवर बसून असतो, कशाला हात लावत नाही.
एकतीस वर्षं लोहखनिजाच्या बोटींचं सुकाणू धरलेला माणूस
मला सांगतोय,
"आधी तेल मार. मग थांब. थांबणं हेच निम्मं काम."

मी तेल मारलं. थांबले नाही.
दुसरा बोल्ट मानेत तुटला.
बाबा काही बोलले नाहीत.
आम्हा फिनिश लोकांत
यालाच आरडाओरडा म्हणतात.

मग ड्रिल, मग शिव्या,
रबरी होझ नळीला असा चिकटलेला
की ब्लेडने उभा चिरावा लागला,
आणि बाहीतून कोपरापर्यंत गारढोण तेल.
जुना कुलर हातात आला तेव्हा केवढासा हलका!
उजेडासमोर धरला.
टाचणीच्या टोकाएवढं भोक.
डॉक्टरांनीही पडद्यावर
असंच काहीतरी एवढंसं दाखवलं होतं.

नवा खोक्यातून निघाला, अडुसष्ट डॉलरचा,
कुठल्याच हिवाळ्याशी ओळख नसलेला.
दोन बोल्ट, दोन क्लॅम्प. वीस मिनिटं.

आता हवा काढायची.
पुढची चाकं स्टँडवर, अधांतरी.
कुणीतरी आत बसून स्टिअरिंग फिरवायचं
या टोकापासून त्या टोकाला, वीस वेळा,
आणि कुणीतरी टाकीत बघत राहायचं.
एरवी एमेट असतो, पण तो शाळेत.

मी वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी.
काठी दाराला टेकलेली,
आणि बाबा डावा पाय उजव्या हाताने उचलून
आत घेत होते, सामान चढवावं तसा.

इंजिन बंद, स्टिअरिंग जड.
अर्धं वळवायचं, गुडघ्याने अडवायचं, पुन्हा धरायचं.
मी म्हटलं, राहू दे.
ते म्हणाले, "तू तेल बघ."
बुडबुडे येत होते, फेसाळ, गुलाबी.

मग किल्ली फिरवली.
पंप कण्हला, रडला, मी ओतत राहिले,
आणि मध्येच केव्हातरी तो रडायचा थांबला,
मुलं थांबतात तसा, कारण न सांगता.
स्टिअरिंग एका तळव्याखाली फिरू लागलं.

डावीकडे, पुरतं. उजवीकडे, पुरतं.
बॉनेट उघडं, म्हणजे काचेतून त्यांना दिसत होता
फक्त निळा पत्रा.
बॉनेटखालच्या फटीतून मला दिसले बाबा,
पाठ ताठ, डोळे बारीक,
पत्र्याच्याही पलीकडे दीड मैल बघत असलेले.
धुक्यात असंच बघतात म्हणे.

"किती अंश?" मी गमतीने ओरडले.
"शून्य पाच शून्य," ते म्हणाले,
गंमत न करता.

तेल केव्हाच नितळ झालं होतं.
वीस होऊन गेले होते, तीसही.
मी टाकीवर तशीच वाकून राहिले.
"अजून आहे थोडी हवा," म्हटलं.