बाटलीखालचं हवामान

पुंता अरेनासला वारा दार ठोठावत नाही,
सरळ आत येतो नि टोप्या घेऊन जातो.
म्हणून नोल्बेर्ताने खिडकीत, आतल्या बाजूला,
तळ कापलेली पाण्याची बाटली
बसवली आहे कुंडीवर.
खाली चिल्कोची चार बोटं काडी.
समोरचं घर विकलं गेलं, त्या सकाळी
कुंपणावरून स्वयंपाकाच्या कात्रीने आणलेली.
दोन पानं ठेवली. लाल कळी मात्र खुडली,
खुडताना ‘माफ कर’ म्हणाली,
कुणाला ते ठाऊक नाही.

आता बाटलीत निराळंच हवामान.
प्लास्टिकला घाम फुटतो, थेंब जमतो,
ओघळतो, पुन्हा मातीत.
बाहेर सामुद्रधुनी दात खात असते.

तिसऱ्या आठवड्यात ती काडी
अगदी हलकेच ओढून बघते.
येत नाही.
येत नाही म्हणजे
खाली कुणीतरी धरून बसलंय.

आज तिने टोपण काढलं, फक्त टोपण.
उद्या तासभर बाटलीही काढेल.
वाऱ्याची सवय घोटाघोटाने लावावी,
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
ती चिलोए बेटावरून आली तेव्हा सतरा वर्षांची होती,
आणि बोटीच्या फळीवरच
तिची टोपी उडाली होती.