बोर, अठ्ठावीस

उद्यमबागेत, दुसऱ्या पाळीत
माझं काम एवढंच:
चकमध्ये पीस लावायचा, दार सरकवायचं,
हिरवं बटण.
मग चार मिनिटं वीस सेकंद
काचेआड दुधाळ पाणी उडतं
आणि आत काय चाललंय ते
मला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं:
टूलला, प्रोग्रॅमला,
पुण्यात बसून तो लिहिणाऱ्या कुणा पोराला.

ड्रॉइंगवर लिहिलंय: बोर, अठ्ठावीस.
म्हणजे भोक.
पीस लोखंडाचा, पण गिऱ्हाईक पैसे मोजतं
ते मधल्या नसण्याचे.
पाळीला शंभर पीस, शंभर भोकं,
आणि प्रत्येकामागे ही चार-वीसची फट
जिच्यात मी मोबाईल घालतो
गेज घातल्यासारखा.
कुणी डोंगर चढतंय, कुणी मांजराला आंघोळ घालतंय,
निपाणीची एक बाई अख्खं घर गुलाबी रंगवतेय,
एक आचारी, एक अपघात, एक देव,
अंगठा वर. अंगठा वर.
सगळं आत जातं.
काहीच बसत नाही.

शेजारच्या मशीनवर इराप्पा मुगळी.
तो म्हणतो, "ब्यासरागेती."
मी म्हणतो, "बोर झालंय, मर्दा."
हसतो दोघं, कारण हातात बोर-गेजच असतं.
पाटीवर कुठली भाषा वर, कुठली खाली
यावरून काचा फोडणारं आमचं गाव
या एका बाबतीत
कधी भांडलेलं नाही.

वडगावची सुलोचनाआत्या म्हणायची, "बेजार झाले गं बाई,"
तेव्हा तिच्या कांड्या भरून झालेल्या असत,
मनगट सुजलेलं,
केसांत सुताची पिंजर.
तिच्या बेजाराला वजन होतं,
खाटेवर टेकवला की खाट करकरायची.
एकदा विचारलं, मागापाशी कंटाळा नाही यायचा?
"यायचा की. न यायला काय झालं?
पण मधेच धागा तुटायचा ना रे."
मला वाटलं, तक्रार सांगतेय.

परवा रात्री दहाला लाईट गेली.
सुपरवायझर टॉर्च घेऊन आला,
म्हणाला, चाळीस पीस सकाळच्या गाडीत जायचेत,
बसून काय करालैसा,
कडेची धार तेवढी हातानं मोडा.
आणि कानस दिली.
आयटीआय सुटल्यापासून धरली नव्हती.
पहिल्याला ओरखडा गेला.
दुसरा जास्तच घासला, इराप्पानं तो गुपचूप
खालच्या पेटीत सारला.
आठव्या-नवव्याला आवाज बदलला,
खर्र होतं ते सर्र झालं.
खानापूर रोडवरून उसाचा ट्रॅक्टर गेला
कन्नड गाणं वाजवत,
मागचा मराठी.
कडेवरून बोट फिरवलं:
मिलिमीटर नव्हते तिथं,
नुसतं कळत होतं.

लाईट आली तेव्हा सगळी शेड ओरडली.
मी नाही. इराप्पाही नाही.
एकतीस झाले होते, नऊ उरले.
राहू द्या, सकाळी पोरं करतील, म्हणाला.
पीस, दार, हिरवं बटण.
चार-वीस.
खिशात फोन थरथरला आणि मी काढला;
खोटं कशाला सांगू, लगेच काढला.
पण अंगठ्याला लोखंडाची काळी भुकटी होती,
काचेवरून तो वर सरकला
आणि मांजरावरून, गुलाबी घरावरून, देवावरून
एक बारीक ओरखडा उठत गेला,
खर्र.