दंडासकट परत

ही घे तीन, इंगा.
लांडग्याची बरी होती.
पौर्णिमेला अंगभर केस, बाकी महिनाभर
मुकाट भांडी घासतो. असा कुठे मिळतो?

व्हँपायरचं प्रकरण गळ्याशीच आलं,
अर्ध्यात सोडलं.
चारशे वर्षं जगून बाईला म्हणतो काय,
तर ‘तू माझी आहेस’!
इतक्या वर्षांत माणूस निदान ऐकायला शिकतो.

भुताच्या कादंबरीला उशीर झाला, दंड काप.
तो काहीसुद्धा करत नाही त्यात.
जिन्यावर उभा राहतो,
ती कामावरून येईस्तोवर
दिवा विझू देत नाही.

डुलुथला आता चारलाच अंधारतं.
हॅराल्डचे बर्फातले बूट
मी अजून दारातून हलवले नाहीत.

पुढचा भाग आलाय का गं?