भाड्याचा प्रोजेक्टर

लग्नसराई सरल्यावर दिघ्यांची शाल्मली आली,
अर्ध्या भाड्यात प्रोजेक्टर मागायला.
म्हणाली, मगर दाखवायचीय, काका.
सन बावीसशे चाळीसची.

काळ्या घोड्याच्या पुलावरून
विश्वामित्रीतली मगर तिनं टिपली होती,
सलग नऊ तास. मगर हलली नाही.
सॉफ्टवेअरनं विचारलं,
एकच चित्र पुन्हा पुन्हा आहे, पुसून टाकू?
हिनं 'नको' दाबलं.

पडदा नव्हता. दांडिया बाजारात
माझ्याच गोडाऊनच्या शटरवर लावलं.
पट्ट्यांत खवले असे बसले
की शटर कुणी बनवलं ते विसरायला झालं.
खाली गुजराती ओळ सरकत होती:
शहर गेलं, नदी फिरून आली,
आता सगळ्यांचा हिशेब हिच्या पोटात.

चहावाला नटू हसला.
मग कप हातातच राहिला त्याच्या.
सातव्या मिनिटाला
मगरीनं पापणी मिटली.
की माझा दिवा फडफडला?
दिवा जुना, दोन हजार तास जळलेला,
त्यातले बहुतेक वरातींत.

शाल्मली वळली. "हे नव्हतं यात."

भाडं घेतलं मी. सोडतोय कशाला.
सकाळी शटर मात्र
जरा सावकाश वर ढकललं.