तिसऱ्या मिनिटाचा खोकला

आमच्या खोलीखाली बागलांचा डंक आहे.
मार्च लागला की सकाळी आठपासून
धप्प, धप्प,
अख्ख्या मंगळवार पेठेची चटणी कुटत राहतो.
मी रात्रपाळीचा माणूस, उद्यमनगरात लेथवर.
दिवसा झोप नाही ती नाहीच,
निदान गाणं तरी नीट ऐकू म्हटलं,
म्हणून बोनसातले सहा हजार बाजूला काढले
आणि शाहूपुरीत शिकलगाराच्या दुकानी गेलो.

"बंद पाठीचा दाखव," म्हणालो.
"हेडफोन पाहिजे का ब्लाऊज?" शिकलगार हसला.
तरी तीन डबे काढून ठेवले काचेवर.

माझ्याकडे तपासायचं माप एकच.
एक जुनी बैठक, कुणीतरी कॅसेटवर भरलेली,
गाणाऱ्या बाईंचं नाव पट्टीवरून पुसलेलं.
तिसऱ्या मिनिटाला, बाई निषादावर थांबलेल्या असतात
आणि कोणीतरी खोकतो.
एकदाच. तोंडावर हात धरून.
सूर काय, दुकानात सगळेच गोड लागतात.
खोकला खोटं बोलत नाही.

पहिल्यात तो नव्हताच.
फीड जास्त दिल्यावर टूल थरथरतं
तसा डग्गा थरथरत होता,
आणि त्या थरथरीमागं बाई,
कुणीतरी शेजारच्या घरात गातंय अशा.
"पोरं हाच नेतात," शिकलगार म्हणाला.
नेऊ देत.

दुसऱ्यात खोकला थेट मांडीवर येऊन बसला.
सगळं स्वच्छ, फार स्वच्छ,
तंबोऱ्याच्या तारांना बर राहिलेली,
हात फिरवला तर कापेल.
वर कानशिलं व्हाइसमध्ये आवळलेली.
दहा मिनिटांत घाम.

तिसरा सात हजार चारशेचा.
मी म्हटलं, नुसता बघतो.
खोकला उजवीकडून आला, जरा मागून,
मध्ये बहुधा एक खांब असावा.
आणि त्याच्यामागोमाग कपबशी टेकल्याचा आवाज,
जो मी बावीस वर्षांत ऐकला नव्हता.
म्हणजे त्याला कोणीतरी चहा दिला होता.
म्हणजे तिथं कोणाचं तरी लक्ष होतं.

फक्त खर्ज पोकळ.
डग्गा होता, पण त्याला पाय नव्हते.
मी तोंड वाकडं केलं, डबा मागं सरकवला.
शिकलगार माझ्याकडं बघत राहिला, मग म्हणाला,
"चष्मा काढा की."
चष्म्याच्या काडीनं गादी उचलून धरली होती,
फट सुताभर,
आणि आयुष्यभर सुताचा हिशेब करणाऱ्या मला
तीच दिसली नव्हती.

काढला.
खर्ज आला आणि पाय टेकून उभा राहिला.
दुकान धूसर झालं, शिकलगार धूसर झाला,
किमतीची चिठ्ठीसुद्धा वाचता येईना,
ते बरंच झालं.

घरी येऊन खाटेवर आडवा झालो, कान झाकून.
हवेतला डंक गेला.
पण खाटेच्या पायातून, फळीतून, मणक्यातून
धप्प, धप्प, येतच राहिला.
पाठ हेडफोनची बंद होती,
माझी नव्हे.
असू दे म्हटलं, चटणी आमचीही त्यातच आहे.

तेवढ्यात शालन वर आली, डबा घेऊन,
कोपरापर्यंत लाल.
"कितीला पडलं?"
उत्तर द्यायच्या ऐवजी मीच तिच्या कानांवर चढवला.
तिला हात लावता येईना, काढता येईना,
तशीच उभी राहिली दारात, हात पुढं धरून.
आधी कपाळाला आठी.
मग आठी गेली.
डबा कलंडतोय तिकडं लक्ष नाही.

मी उशीखाली चष्मा चाचपत होतो.
तिसरं मिनिट आलं असणार,
कारण तिनं एकदम जिन्याकडं वळून पाहिलं
आणि आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसल्यानं
खालच्या डंकापर्यंत जाईल असं ओरडली:
"अहो, बघा की कोण आलंय,
खोकतंय कोणतरी!"