घरयादी

जनगणनेला मी दोनदा गेले होते.
दारावर खडूनं नंबर टाकायचा,
मग विचारायचं: कुटुंबप्रमुख कोण, छप्पर कशाचं,
संडास आतला की बाहेरचा.
निवृत्तीनंतर ही तिसरी मोजणी.
मानधन नाही, ओळखपत्र नाही,
शाळेची एक उरलेली वही, पर्समध्ये खडूचा तुकडा,
आणि इलाही मुजावरची रिक्षा.

शिंगणापूरच्या बंधाऱ्याकडं, अर्जुनाचं झाड.
मोठी वाघळं. चारशे बारा.
संध्याकाळी बाहेर पडताना मोजली.
मध्येच कुणीतरी पाचट पेटवलं, धूर आडवा आला,
दोनशेच्या पुढं हिशेब चुकला,
दुसऱ्या दिवशी पुन्हा एकपासून.
छप्पर: आभाळ.
भिंती: आपापले पंख. उन्हाळ्यात त्यांचाच वारा घेतात.
दिवसभर उलटी,
सुलटी होतात ती फक्त मुतायला.
‘‘बाई, हे नका लिहू,’’ इलाही म्हणाला.
मी लिहिलं. संडास: बाहेरचा.

पन्हाळ्याच्या पोटाशी एक कपार आहे,
वाट सांगणार नाही.
आत शिरलं की आधी वास येतो, मग डोळ्यांत पाणी,
मग आवाज: टक्, टक्.
बैलांना हाकताना टाळूला जीभ लावून करतात तसा.
अंधाराला हाकत असतात ती.
भिंतीला पिल्लांची नुसती चिकटलेली गर्दी,
बाहेरून आलेली आई त्यातून आपलं बरोबर उचलते.
मी छत्तीस वर्षं हजेरी घेतली,
जुळ्या शिंत्र्यांमधला कुठला कुठला
हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

महाद्वार रोड. भांड्यांचं दुकान.
पाटी आणि भिंत यांत दोन बोटांची फट.
मालक म्हणाले, ‘‘पाकोळ्या? आमच्याकडं? छे.’’
दिवे लागले तशा
त्यांच्या टकलावरून सात निघाल्या,
एकेक चार चिंचोक्यांच्या वजनाची.
ते गिऱ्हाइकाला कळशी वाजवून दाखवत होते.

चौथ्या नोंदीपाशी पान कोरं आहे.
हमरस्त्याकडेचा वड. गेल्या साली गेले तेव्हा
बुंध्यावर पांढऱ्या रंगात कुणी नंबर टाकला होता. सत्तेचाळीस.
मला बरं वाटलं होतं,
म्हटलं, आपल्यासारखंच कुणीतरी मोजतंय.
आठवड्यानं वड नव्हता.
संध्याकाळी वाघळं आली, आणि
जिथं फांदी होती त्या उंचीवर
पाय पुढं काढून
वळली.
पुन्हा आली. पुन्हा वळली.
खाली ट्रक चालले होते.
जनगणनेत ‘घर बंद’ असा एक शेरा असतो.
तो इथं चालेना.
इलाहीनं रिक्षा सुरू केली नाही, मीही सांगितलं नाही.

शेवटचं घर बाळगोंडा मगदुमांच्या केळीत.
‘‘वाळकी पानं काढत हुतो, बाई.
एक पान हातात आलं आनि पेटलं की!
टाकूनच दिलं मी.
बगतोय तर केशरी पाखरू, पंखाला काळी नक्षी.
इवढंसं. अंगठ्यायवढं.
तवापास्नं ह्या रांगेत इळा लावला न्हाई.
बायकू म्हनती, बाग गबाळी दिसतीया.
दिसंना का.’’

आम्ही वाकून बघितलं.
सुरळी झालेलं तपकिरी पान, आत एक घट्ट मिटलेली ठिणगी,
तिचा श्वास चाललेला.
छप्पर: पान. भिंती: तेच पान.
मुक्काम: पान गळेपर्यंत.
‘‘आनि मालक म्हनून माजं नाव घालताय का काय?’’
मगदूम हसले. ‘‘घालू नगा. भाडं न्हाई द्यायचं ते.’’

सवयीनं माझा हात पर्समध्ये गेला होता,
खडू बाहेर आला होता.
समोर केळीचा गुळगुळीत बुंधा.
परत ठेवला.
रिक्षात बसल्यावर बघितलं,
बोटं मात्र पांढरी झाली होती.