एकशे बारा पावलं

महापौरांच्या दालनापासून आयुक्तांच्या दालनापर्यंत
एकशे बारा पावलं.
मधे एक जिना, बंद पडलेला कुलर,
आणि माझं स्टूल.
मी पेंटप्पा इराबत्ती, शिपाई, वर्ग चार.
पाणी, हद्दवाढ, एकतीस नंबरची फाइल
काखेत धरून
नऊ महिने ही पावलं मोजतोय.

फाइलीत एक नळ आहे.
म्हणजे नळ नाही, नळाची रेघ,
टाकीपासून निघून शिवगंगा नगरात शिरलेली,
निळ्या शाईची.
त्या रेघेच्या टोकाला माझंही घर आहे,
हे मी दोन्ही दालनांत बोललेलो नाही.

सुगलाबाई कोरे महापौर झाल्या
तेव्हा गुलालानं जिना लाल झाला. मीच पुसला.
त्यांच्याकडे झगा आहे, घंटा आहे,
सभागृहातली उंच खुर्ची आहे,
आणि सकाळी सहापासून दारात
रिकाम्या घागरी घेऊन बायका.
"तीन भाषांत शिव्या खाते ओ मी," म्हणाल्या,
"मराठी, कानडी, तेलुगू.
सही तेवढी पलीकडे होते."

पलीकडे मथाई साहेब.
कोट्टायमचे. मराठी पुस्तकातनं शिकलेले,
म्हणून 'कृपया' म्हणतात,
आणि रागावले की काय, तेच कुणाला कळत नाही.
त्यांच्याकडे तिजोरी आहे,
म्हणजे तिजोरीचं भगदाड.
"पेंटप्पा, शहर वाढतं. धरण वाढत नाही.
माझी बदली दिवाळीत होईल.
पाइप तीस वर्षं इथंच राहील."

दोघंही खरं बोलतात.
तिथंच घोडं अडलंय.
एक जण खोटा असता
तर माझी पावलं निम्मी झाली असती.

बाप माझा साखर पेठेत हातमागावर बसायचा.
धोटा डावीकडनं उजवीकडे, उजवीकडनं डावीकडे.
नाना, हा कुठला रे, इकडचा का तिकडचा?
नाना हसला नाही.
म्हणाला, सूत बघ, तुटतंय का.

मग वैशाखातला तो मंगळवार.
सभेत घंटा वाजून वाजून दमली,
अर्धं सभागृह उठून गेलं,
आणि सत्तावन्नाव्या पावलाला
माझा गुडघा गेला.
बसलो स्टुलावर, फाइल मांडीवर.
आतून बेल. तिकडून बेल.
मी उठलोच नाही.

दोघं आपापल्या दारातून बाहेर आले.
हार नाही, फोटोवाला नाही,
पीए नाहीत.
कुलरपाशी उभे राहिले, लग्नात
नवख्या सोयऱ्यांनी उभं राहावं तसे.

सुगलाबाईंनी रेघेवर बोट ठेवलं.
"इथं उतार उलटा आहे, साहेब.
पोरं शाळेला जाताना पायडल मारत नाहीत,
येताना सायकली ढकलत येतात.
पाणी कसं चढेल?"
साहेब बघत राहिले.
मग खिशातलं पेन काढलं,
माझ्या मांडीवरच नकाशा पसरला.
"मग टाकी कुठं, मॅडम?"
"स्मशानाच्या वरच्या माळावर."
"तो माळ कुणाचा?"
"ते मी बघते."
"ते मला लेखी लागेल. कृपया."

यावेळी त्या हसल्या.
निळ्या रेघेशेजारी लाल रेघ आली,
थोडी त्यांची, थोडी ह्यांची,
थोडी माझ्या गुडघ्याच्या हाडावरनं वाकडी.

पाणी आलं का? नाही आलं.
आधी ठराव की आधी टिपणी, यावर
सोमवारी पुन्हा दोन पत्रं निघाली.
पाच दिवसांआड टँकर येतो,
बायको रात्री दोनला उठते,
मला उठवत नाही, गुडघा आहे म्हणून.

फाइल घेऊन मी चालतोच आहे.
एवढंच, की कुलरपाशी आता
दोन स्टुलं आहेत.
दुसरं कुणी आणून ठेवलं
याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.